नाताळची गव्हाण (नागपूर)

ख्रिस्तजन्माचा जो देखावा नाताळात घरी, चर्चमध्ये किंवा अंगणात मांडतात त्याला गव्हाण, गव्हाणी किंवा नुसते 'गोठा' म्हणतात. गव्हाण म्हणजे जनावरांना वैरण घालायची जागा. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात मरीया बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवते, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. सगळा देखावा या एका वाक्यावर उभा आहे. बैल आणि गाढव मात्र त्या वाक्यात नाहीत. ते बायबलच्या जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आले, जिथे आपला धनी कोण हे बैलाला आणि गाढवाला कळते, माणसांना कळत नाही.

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो गावी वैरण भरलेली गव्हाण, खरा बैल आणि खरे गाढव आणवून तिथेच मिस्सा (कॅथलिक उपासना) करवली. या प्रथेचा उगम तिथे मानतात. (नागपुरातील सदरचे कॅथीड्रल ज्यांच्या नावाचे आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स, ते याच्या कितीतरी नंतरचे.)

दहा आज्ञांत कोरीव मूर्तीला मनाई असताना ख्रिस्ती माणसाने मूर्ती घडवावी का, हा वाद आठव्या शतकात टोकाला गेला. दमास्कसच्या योहान या धर्मपंडिताने मांडले की अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही, पण ज्याने देह घेतला त्याचे काढता येते. निकाया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने ७८७ मध्ये हीच बाजू स्वीकारली: मान मूर्तीच्या मातीला नव्हे, तिने दाखवलेल्या व्यक्तीला जातो. कलावंताचे स्वातंत्र्य इथूनच येते. 'शब्द देही झाला', म्हणजे देवाने माणसाचा देह घेतला, हे खरे मानले, तर तो देह कुठल्यातरी गावात, शेणामातीच्या वासात जन्मला हेही मानावे लागते. मग आपल्या गावच्या मातीने तो गोठा उभारणे हा श्रद्धेचाच अर्थ लावणे ठरते. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमात राहून काम केलेले चित्रकार अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरीयेला साडीत रंगवले, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. पण रोमन झग्यातली किंवा युरोपीय चेहऱ्याची मरीया तरी कुठे बेथलेहेमची होती? प्रोटेस्टंट परंपरेत मूर्तीबाबत संकोच असतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये अशा अनेक परंपरा एकत्र आल्या. जिथे मूर्ती नको वाटते, तिथे आकाशतारा आणि गीते यांवर भर असतो.

नागपूरकडे यासाठी लागणारे सामान हाताशी असते. सांगाड्याला संत्र्याच्या पेटीच्या फळ्या चालतात. लाकूड पातळ असल्याने मोठा खिळा मारला की फळी चिरते. पाऊण इंचाच्या चुका (बारीक खिळे) वापराव्यात. भिंतींना तुराट्यांचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा हात. छपराला धानाचे तनस, म्हणजे भाताचा पेंढा. कापणी नुकतीच आटोपलेली असल्याने ते ताजे मिळते, पण दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नये. ओलसर तनसाला बुरशी लागून कुबट वास सुटतो. मूठमूठभर पेंढ्या बांधून खालच्या ओळीपासून वर चढत जावे, म्हणजे वरची ओळ खालच्या बांधणीला झाकते. उलट केले तर सुतळ्या उघड्या दिसतात.

चार फूट बाय तीन फुटांच्या पाटावर मोठ्या माणसांच्या मूर्ती एक फुटाच्या असाव्यात. बाळ तीन ते साडेतीन इंचांचे. बाजारी संचात बाळ हमखास मोठे असते आणि दोन वर्षांच्या मुलासारखे बसते. नवजात बाळाचे असहायपण गेले की देखाव्याचा प्राणच गेला. शाडूच्या मूर्ती घरी करायच्या तर मातीत कागदाचा लगदा मिसळावा. आत तार घातली की मान आणि मनगट तडकते, कारण वाळताना माती आकसते, तार आकसत नाही. तारेवर आधी सुतळी गुंडाळली की मातीला आकसायला वाव मिळतो. सावलीत आठ-दहा दिवस सुकू द्यावे. मग खडूची भुकटी आणि डिंकाचा पातळ हात, त्यावर रंग. डोळे शेवटी.

हिरवळीसाठी गहू पेरतात. एका चौरस फुटाला साधारण दीडशे ग्रॅम गहू दहा-बारा तास भिजवून, रात्रभर फडक्यात बांधून, बोटाच्या पेराएवढ्या मातीवर पसरावा आणि दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. डिसेंबरात नागपूरचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की वाढ मंदावते. चार बोटे उंचीला नऊ-अकरा दिवस लागतात. म्हणून पेरणी १३-१४ तारखेला. पहिल्या आठवड्यात पेरलेला गहू पंचवीस तारखेला आडवा पडतो. पाणी शिंपडावे, ओतू नये. रात्री उंदीर येतात, तेव्हा वर जाळी हवी.

पिवळा छोटा एलईडी दिवा गव्हाणीच्या मागे लपवावा, म्हणजे उजेड बाळाकडून मरीयेच्या चेहऱ्यावर आल्यासारखा दिसतो. जुना तापणारा बल्ब तनसाजवळ नको. कापसाचा बर्फही नको: तो झटकन पेटतो, आणि लूकच्या वृत्तांतात बर्फ नाहीच.

मांडणीला काळ आहे. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या अवधीत, गव्हाण रिकामी असते. काही घरांत मुले एखादे चांगले काम केले की तिच्यात तनसाची एक काडी ठेवतात. बाळ २४ डिसेंबरच्या रात्री येते. मागी, म्हणजे बाळाच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, पाटाच्या दूरच्या कोपऱ्यातून निघून रोज थोडे सरकत ६ जानेवारीला पोहोचतात. सगळ्या मूर्ती पहिल्याच दिवशी मांडल्या की वाट पाहणे संपते, आणि या कलेत वाट पाहणे हे मातीइतकेच सामान आहे.

आवरताना गहू गुरांना घालावा. मूर्ती तनसात बांधून ठेवू नयेत, किडे होतात. जुन्या सुती कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, उभ्याच ठेवाव्यात. आडव्या ठेवल्या की एकमेकींच्या भाराने हात तुटतात. बाळ वेगळ्या डबीत.