पाण्याची बोअर आणि कोळशाची बोअर

वणी, भद्रावती, उमरेडच्या शिवारात कोळसा शोधायला बोअर मारणारी गाडी आली की गावकरी तिला पाण्याच्या बोअरचंच माप लावतात. त्यात नवल नाही. पण कुठे बोअर मारायच्या याचा आराखडा करणारेही तेच माप लावतात आणि विनाकारण झाडं, बांध मोडतात, याचा मला मनापासून राग येतो.

पाण्याची बोअर सगळ्यांनी पाहिलेली आहे: साडेसहा इंचांचं भोक, धुरळा, आणि एका दिवसात उरकणारं काम. कोळशासाठी बहुतेक वेळा हिऱ्याचे दाणे बसवलेला पोकळ बिट, म्हणजे खडक कापणारं तोंड, लावतात. एनक्यू नावाच्या ठरलेल्या मापाचं भोक जेमतेम 76 मिलिमीटरचं, आणि त्यातून 47.6 मिलिमीटर जाडीची दगडाची कांडी, म्हणजे कोअर, वर येते. ती पेटीत क्रमाने मांडली की करडा वालुकाश्म कुठे संपला आणि काळा चकचकीत थर कुठे लागला, ते बोट ठेवून दाखवता येतं. भोक लहान असलं तरी काम कित्येक दिवस चालतं.

खरा घोळ जागेचा आहे. बेसाल्टमध्ये पाणी भेगांत असतं, म्हणून पाणाड्याने दाखवलेल्या जागेपासून पाच हात सरकलं तरी बोअर कोरडी जाऊ शकते. ही भीती डोक्यात पक्की बसलेली असते. मग कोळशाच्या नकाशावरचा पॉइंट विहिरीच्या काठावर किंवा आंब्याच्या बुंध्यात आला, तरी ‘जागा तीच पाहिजे’ असा हट्ट धरला जातो. वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकर नावाच्या खडकांत थराथराने दूरवर पसरलेला आहे. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत बोअरपासून 200 मीटरपर्यंतचा साठा ‘सिद्ध’ धरतात. तिथे पॉइंट वीस मीटर सरकवून काय बिघडणार? सरकवा, आणि बोअर झाल्यावर प्रत्यक्ष जागेची व उंचीची मोजणी करून नकाशात तीच नोंदवा. अपवाद आहेत: भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची रेषा, नेमका कुठून जातो किंवा थर वर येऊन कुठे संपतो हे शोधायचं असेल, तर जागा सांभाळावीच लागते.

सरकवण्याची मुभा वापरायची ती वाटेसाठी. शेताचं नुकसान त्या 76 मिलिमीटरने होत नाही. ते पाण्याच्या टँकरच्या फेऱ्यांनी, ओल्या काळ्या मातीत रुतलेल्या चाकांनी आणि बोअरच्या चिखलपाण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांनी होतं. म्हणून पॉइंट पांदण रस्त्याच्या कडेला घ्या. कापसाची वेचणी आणि तूर निघाली की काम सुरू करा, पावसाआधी आटपा. खड्डा खणताना वरची काळी माती वेगळी ठेवा, बुजवताना ती सगळ्यात वर टाका. दोन कोअर बोअरच्या मधली एखादी बोअर कोअर न काढता मारून तिच्यात घनतेचं लॉगिंग केलं, म्हणजे भोकात उपकरण सोडून खडकाची घनता मोजली, तर कोळसा हलका असल्याने थर ओळखू येतो आणि गाडीचा मुक्कामही कमी होतो.

आणखी एक. कोळसा धारक क्षेत्र कायदा, 1957 च्या कलम 4 ची अधिसूचना पूर्वेक्षणासाठी, म्हणजे कोळसा शोधण्यासाठी, असते. तिने जमीन जात नाही, आणि शोधकामात झालेल्या नुकसानीची भरपाई कलम 6 खाली मिळते. संपादनाच्या इराद्याची सूचना कलम 7 मध्ये येते. हरकतीचे 30 दिवस तिथून मोजायचे.

पाण्याची बोअर केसिंग घालून उघडी ठेवतात. कोळशाची बोअर काम संपल्यावर सिमेंटने बुजवायची असते, कारण उघडी राहिली तर वरच्या थरातलं पाणी तिच्यातून खाली उतरू शकतं. गाडी शेतातून हलण्याआधी ती बुजवलेली स्वतः उभं राहून पाहा.