कोंबड्यांचा धसका व त्यातून सावरणे

परसात पाळलेल्या कोंबड्यांवर कुत्रा, मांजर, मुंगूस, कोल्हा किंवा ससाणा यांचा हल्ला झाला की वाचलेल्या कोंबड्याही पूर्वीसारख्या राहत नाहीत. त्या गप्प होतात, कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसतात, दाणा टाकला तरी पुढे येत नाहीत. हल्ला खुराड्यात झाला असेल तर संध्याकाळी आत शिरायला तयार नसतात आणि बाहेर झाला असेल तर दार उघडूनही आतच बसून राहतात. अंगावर ओरखडाही नसलेल्या कोंबडीचे असे होऊ शकते. यालाच कोंबडीने धसका घेतला असे म्हणतात.

भीतीच्या क्षणी मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिकोस्टेरोन हे पक्ष्यांमधील मुख्य ताण-संप्रेरक रक्तात उतरते. हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेकडचे रक्त आतल्या अवयवांकडे वळते आणि तुरा थंड पडतो. अंडे तयार व्हायला सुमारे २४ ते २६ तास लागतात व त्यातील २० तासांच्या आसपास कवच घडण्यात जातात. घाबरलेली कोंबडी तयार झालेले अंडे रोखून धरते. अशा अंड्यावर चुन्याचा जादा पांढुरका थर चढतो. तपकिरी अंडी देणाऱ्या जातीत हा फरक चटकन दिसतो, कारण मूळ रंग कवचाच्या शेवटी चढलेला असतो आणि नवा थर त्याला झाकतो. पुढे अंडी काही दिवस बंद पडतात, क्वचित अवेळी पिसेही गळतात. हा कोंबडीचा हट्ट नव्हे. त्यासाठी तिच्यावर चिडू नये.

भीती कशाची बसली आहे हे ओळखणे महत्त्वाचे आहे. आकाशातून येणाऱ्या आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी कोंबड्यांच्या इशाऱ्याचे आवाज वेगवेगळे असतात. ख्रिस्तोफर एव्हान्स, लिंडा एव्हान्स व पीटर मार्लर या संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शत्रू समोर नसताना नुसते ध्वनिमुद्रण ऐकवले, तरी पहिल्या आवाजाला कोंबड्या आडोशाला पळाल्या, दबून बसल्या व वर पाहू लागल्या. दुसऱ्या आवाजाला त्या मान ताठ करून उभ्या राहिल्या. ससाण्याच्या हल्ल्यातून वाचलेल्या कोंबडीला म्हणूनच मोकळ्या जागेत झुडपे, फळ्या, छपराचा तुकडा असे आडोसे हवेत. कुत्र्याच्या तोंडून सुटलेलीच्या आसपास घरातला गरीब कुत्राही बरेच दिवस फिरकू देऊ नये.

माणसाचे सर्वांत जास्त चुकते ते जवळ घेण्यात. कळवळ्याने कोंबडीला उचलून छातीशी धरले की ती निपचित पडते आणि 'शांत झाली' असे वाटते. पुष्कळदा ती शांती नसून भीतीने आलेली निश्चलता असते. शिकाऱ्याच्या पकडीत सापडलेला पक्षी मेल्यासारखा स्तब्ध होतो व पकड सैल होताच निसटू पाहतो. आथानासियुस किर्खर या जर्मन विद्वानाने १६४६ मध्येच हा प्रकार नोंदवला होता. पाय बांधून जमिनीवर ठेवलेल्या कोंबडीसमोर त्याने रेघ ओढली आणि दोरी सोडल्यावरही ती तशीच पडून राहिली. त्याला हा रेघेचा परिणाम वाटला. प्रत्यक्षात कारण धरून ठेवण्यात होते. तेव्हा आधीपासून हातावर येणारी कोंबडी आपणहून आली तरच तिला घ्यावे. इतरांच्या जवळ नुसते बसावे, नेहमीच्या आवाजात बोलावे आणि दाणा आपल्यापासून थोडा दूर टाकावा. ही माया कमी प्रतीची नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. हल्ल्यानंतर लगेच प्रत्येक पक्षी पिसे बाजूला करून तपासलाच पाहिजे. दातांची भोके पिसांखाली दडतात आणि मांजराच्या लाळेतील जिवाणूंमुळे बारीक जखमही जिवावर बेतू शकते. तेथे पशुवैद्यच हवा. रक्त दिसले की इतर कोंबड्या तेथे टोचतात, म्हणून जखमीला वेगळे ठेवावे, पण जाळीपलीकडे इतर दिसतील व ऐकू येतील असे. पूर्ण एकांत हा तिच्यासाठी दुसरा धक्का असतो.

शिकारी पुन्हा त्याच जागी येतो, म्हणून डागडुजी त्याच दिवशी करावी. षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला अडवत नाही. १२ मिलिमीटरच्या आसपास छिद्रांची वेल्डमेश (तारा सांध्यांवर पक्क्या जोडलेली) जाळी लावून तिची कड जमिनीत सुमारे ३० सेंटिमीटर पुरावी. कोंबडीला जाळीची मजबुती कळत नाही. धोक्याविना गेलेल्या रात्री मात्र कळतात. आत यायला नाखूश असलेल्या कोंबड्यांना अंधार पडल्यावर, त्या सुस्तावल्या की, अलगद उचलून दांडीवर ठेवावे. दाणा, पाणी, दार उघडणे-लावणे यांच्या वेळा काटेकोर पाळाव्यात.

कळपात कोणी कोणाला टोचायचे याचा क्रम ठरलेला असतो. ही टोचण्याची उतरंड थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकाने १९२१ मध्ये मांडली. वरच्या क्रमाची कोंबडी किंवा राखण करणारा कोंबडा गेला की ही उतरंड नव्याने बसते आणि काही दिवस भांडणे होतात. रक्त निघेपर्यंत मध्ये पडू नये. या काळात नवे पक्षी सोडणेही टाळावे. एकटीच उरलेल्या कोंबडीला मात्र सोबत लागतेच. नव्या सोबतिणी आधी काही दिवस जाळीपलीकडे ठेवून मग एकत्र कराव्यात.

कोंबडी मेलेल्या सोबतिणीचा शोक करते का, हे सिद्ध झालेले नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की पिलांवर हवेचा झोत सोडलेला पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढतात व डोळ्याचे तापमान उतरते. त्यावरून शोक ठरत नाही. पण काळजी घेण्यासाठी तो सिद्ध होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तिची भीतीच पुरेशी आहे.

सावरण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे धुळीतली आंघोळ. निरोगी कोंबडी साधारण दिवसाआड वीस मिनिटे ते अर्धा तास मातीत लोळते. कुशीवर पडून, पिसे विस्कटून, डोळे अर्धवट मिटून लोळताना तिला सावधपणा सोडावा लागतो. त्यासाठी कोरड्या बारीक मातीचा कोपरा आडोशाजवळ तयार ठेवावा. सावरायला काहींना थोडे दिवस पुरतात, काहींना कित्येक आठवडे लागतात. पण पिसे फुलवून, डोळे मिटून, मान आत ओढून बसलेली आणि दिवसभर काहीच न खाल्लेली कोंबडी दिसली तर धसका समजून थांबू नये. तिला आतून इजा झालेली असू शकते.