‘माझ्या वजनामुळे…’ : एका प्रश्नावलीची पार्श्वभूमी

वजनाचा जगण्यावर काय परिणाम होतो, हे मोजण्यासाठी आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘आयडब्ल्यूक्यूओएल’ या प्रश्नावलीतील वाक्ये ‘माझ्या वजनामुळे’ अशी सुरू होतात. हे दोन शब्द सुचायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

बेल्जियमचे ॲडॉल्फ केटले खगोलशास्त्रज्ञ होते आणि संख्याशास्त्रज्ञही. प्रौढ माणसाचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे त्यांनी 1830च्या दशकात दाखवले. ते ‘सरासरी माणूस’ शोधत होते. लठ्ठपणाशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. विसाव्या शतकात अमेरिकन विमा कंपन्यांनी उंची-वजनाचे तक्ते काढले. त्यांना जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की विमा उतरवणारा किती वर्षे जगेल. 1972 मध्ये ॲन्सेल कीज यांनी केटलेंच्या सूत्राला (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हणजे बीएमआय हे नाव दिले आणि बीएमआय घरोघरी पोचला. पण तीस, म्हणजे लठ्ठपणाच्या उंबरठ्यावरचा बीएमआय असलेल्या दोघांपैकी एक जण मजेत असतो आणि दुसरा घराबाहेर पडायला कचरतो, हे त्या आकड्यात कुठून दिसणार?

1948 मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्यात शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य धरले. हे सगळे मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र बराच काळ लोंबकळत राहिला. 1992 मध्ये ‘एसएफ-36’ ही छत्तीस प्रश्नांची प्रश्नावली आली. ती कोणत्याही आजाराला चालते, हा तिचा मोठा गुण. लठ्ठपणात अडचण झाली ती याच गुणामुळे. शारीरिक क्षमतेचे गुण घसरलेले दिसत. मानसिक गुण त्या मानाने फारसे हलत नसत. मग वजनाचा मनावर परिणामच होत नाही, असे समजायचे का?

याच सुमारास, 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शस्त्रक्रियेने भरपूर वजन उतरलेल्या माणसांना विचारले गेले, की पुन्हा तेवढे वजन हवे की दुसरे एखादे अपंगत्व? बहिरेपण किंवा मधुमेह चालेल, पण ते वजन नको, असे उत्तर आले. बहुतेकांनी तर अंधत्वही पत्करले. नुकत्याच सुटका झालेल्या माणसांची उत्तरे थोडी सावधपणेच घ्यावीत, पण वजनाचा मनावर परिणामच नसता, तर माणसे असे बोलली नसती.

मोजमाप चुकत होते ते प्रश्नांमुळे. खुर्ची आपला भार पेलेल का, सार्वजनिक ठिकाणच्या आसनात आपण मावू का, बुटाची नाडी बांधता येईल का, हे कोणी विचारतच नव्हते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या आहार केंद्रात रोनेट कोलोटकिन आणि सहकाऱ्यांनी अशी वाक्ये गोळा केली. त्यांतूनच ‘माझ्या वजनामुळे’ ही प्रश्नावली घडली. तिच्या 1995 च्या आवृत्तीत 74 वाक्ये होती. 2001 च्या आटोपशीर आवृत्तीत 31 उरली. हालचाल, स्वतःविषयीचा आदर, लैंगिक जीवन, चारचौघांतला संकोच आणि काम असे तिचे पाच भाग. लैंगिक जीवनाला स्वतंत्र भाग देणे मला फार महत्त्वाचे वाटते. तपासणीच्या खोलीत हा विषय डॉक्टरही टाळतात आणि रुग्णही. ‘नेहमी खरे’पासून ‘कधीच खरे नाही’पर्यंत पाच पर्याय, आणि एकूण गुण शून्य ते शंभर, शंभर म्हणजे उत्तम.

‘माझ्या वजनामुळे’ या शब्दांत एक गोमही आहे. गुडघा वजनाने दुखतो की वयाने, याचा निवाडा उत्तर देणाराच करतो. बीएमआय सारखाच असला, तरी स्वतःविषयीच्या आदराचे गुण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कमी निघत. वजनाकडे पाहणारी समाजाची नजरही त्या गुणांत उतरते, असाच याचा अर्थ मी लावतो.

2009 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेल्या मोजमापांसाठी मार्गदर्शन काढले. त्यानंतर औषधचाचण्यांसाठी वेगळी आवृत्ती रुग्णांशी बोलून घडवली गेली. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांच्या चाचण्यांत हीच वापरली गेली. तिच्यात 20 प्रश्न आहेत: शरीराविषयी 7, मन आणि समाजातल्या वावराविषयी 13.