५१ नॅनोसेकंदांत जोड्या कशा जुळतात?

समजा, नेटवर्कमधल्या स्विचला, म्हणजे एका तारेवरून आलेला डेटा योग्य त्या दुसऱ्या तारेवर पाठवणाऱ्या यंत्राला, १६ पोर्ट (तारा जोडायच्या जागा) आहेत आणि प्रत्येकावर सेकंदाला १० गिगाबिट डेटा येतोय. या वेगाने ६४ बाइटचा तुकडा ५१.२ नॅनोसेकंदांत आत येतो. तेवढ्याच वेळात कोणत्या आवक पोर्टने कोणत्या जावक पोर्टला तुकडा द्यायचा, हे ठरवावं लागतं. एका आवकेला एकच जावक, एका जावकेला एकच आवक.

प्रत्येक आवकेवर एकच रांग ठेवली की घोटाळा होतो. सिग्नलला सरळ जाणारी गाडी डाव्या लेनमध्ये उभी राहिली, की डावीकडचा रस्ता मोकळा असूनही मागचे अडकतात, तसंच. संशोधक मार्क कॅरोल आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की, पॅकेटं (डेटाचे गठ्ठे, जे स्विचमध्ये तुकड्यांत मोडतात) सगळीकडे सारखी वाटलेली असतानाही मोठा स्विच अशाने क्षमतेच्या ५८.६ टक्क्यांवर अडतो. म्हणून प्रत्येक आवकेवर प्रत्येक जावकेची वेगळी रांग ठेवतात. १६ पोर्टना २५६ रांगा.

आता जोड्या. संगणकशास्त्रज्ञ निक मॅकिओन यांच्या 'आय-स्लिप' पद्धतीत आवक मागणी करते, जावक एकीला होकार देते, आवक आलेल्या होकारांतून एक स्वीकारते. पाळी गोल फिरते. खरी करामत आहे पाळीचा काटा, म्हणजे पुढची पाळी कोणाची हे दाखवणारी खूण, कधी सरकवायचा यात: होकार स्वीकारला गेला तरच.

दोन पोर्टांवर करून पाहा. दोन्ही आवकांकडे दोन्हीकडचा माल आहे आणि दोन्ही जावकांचे काटे आवक १ वर आहेत. दोघी तिलाच होकार देतात. ती जावक १ घेते, जावक २ रिकामी जाते. पण आता जावक १ चा काटा २ वर गेला, जावक २ चा जागीच राहिला. पुढच्या फेरीपासून त्या एकमेकींच्या आड येत नाहीत, एकही फेरी वाया जात नाही. काटे बिनशर्त सरकवले असते, तर दोन्ही कायम एकाच आवकेवर आदळले असते आणि निम्मी क्षमता गेली असती!

उरलेल्या पोर्टांसाठी हेच टप्पे पुन्हा करतात, १६ पोर्टना साधारण चारदा. काटा मात्र पहिल्याच खेपेला हलवायचा. नाहीतर एखादी रांग उपाशी राहू शकते.

रहदारी एकाच बाजूला झुकली, की ही पद्धत कमी पडते. शिवाय ६५ बाइटच्या पॅकेटला ६४ चे दोन तुकडे लागतात, दुसरा जवळजवळ रिकामा. म्हणून स्विचचा आतला वेग बाहेरच्या तारेपेक्षा जास्त ठेवावा लागतो.