स्लाइड बिघडली तर आधी काळा काठ बघा

गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात मी एक तरी स्लाइडचा रोल काढतोच, म्हणजे जी फिल्म धुतल्यावर थेट खऱ्या रंगातलं चित्र देते ती. नंदीध्वजाची मिरवणूक, बाराबंदी घातलेली माणसं, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, आणि जानेवारीतलं सोलापूरचं ते स्वच्छ ऊन, हे सगळं स्लाइडवर जसं उतरतं तसं दुसऱ्या कशावर उतरत नाही असं माझं ठाम मत आहे. दोन वर्षांपूर्वी दोन रोल काढले, एकाच खोक्यातले, एकाच कॅमेऱ्यात, एकाच दिवशी. पहिला लगेच कुरियर केला आणि तो झकास होऊन आला. दुसरा फ्रीजमध्ये ठेवला होता तो मे महिन्यात त्याच लॅबला पाठवला, आणि आला तो बघून जीव इतका हळहळला की काय सांगू. बाराबंदीचा पांढराशुभ्र रंग राखाडी झालेला, भगवा मळकट, सावल्या गच्च, जणू सगळ्या फोटोंवर कुणी धुरकट काच ठेवली आहे.

आता यात चूक कुणाची? आपल्याकडे अशा वेळी आधी फोटो काढणाराच स्वतःला दोष देतो की एक्स्पोजर चुकलं असेल, नाहीतर रोल जुना असेल. पण स्लाइडचं एक बरं आहे, तिला नीट बघितलं तर ती स्वतःच सांगते की काय झालं. त्यासाठी आत काय घडतं ते थोडं समजून घ्यावं लागतं.

निगेटिव्ह फिल्ममध्ये चूक झाली तरी नंतर प्रिंट काढताना किंवा स्कॅन करताना बरंच सावरून घेता येतं. स्लाइडमध्ये जी फिल्म कॅमेऱ्यात होती तीच शेवटचं चित्र असते, मध्ये सावरायला कुणी नाही. अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) इकडेतिकडे झाला तरी डोळ्याला दिसतो. म्हणून तिची धुलाई पण तितकीच काटेकोर. ही पद्धत ई-६ नावाने ओळखली जाते, कोडॅकने ती १९७६ साली आणली आणि आज बाजारात जी काही रंगीत स्लाइड फिल्म मिळते, कोडॅकची असो की फुजीची, ती सगळी याच पद्धतीने धुतली जाते.

पहिला बाथ, म्हणजे रसायनाची टाकी, फर्स्ट डेव्हलपरचा. हा खरं तर ब्लॅक अँड व्हाइटचा डेव्हलपर आहे, फिल्मवर जिथे जितका प्रकाश पडला तिथे तितकी चांदी तयार करतो, रंगाशी त्याचा संबंध नाही. ३८ अंश सेल्सियस, साधारण ६ मिनिटं, आणि तापमानात अंशाच्या दोन-तीन दशांशापेक्षा जास्त फरक चालत नाही. फिल्म किती उजळ किंवा गडद होणार हे मुख्यतः इथेच ठरतं. डेव्हलपर कमजोर पडला की स्लाइड काळपट येते, जास्त झाला की फिक्की पडते. मग रिव्हर्सल बाथ, ज्यात उरलेलं सगळं सिल्व्हर हॅलाइड (फिल्मवरचं प्रकाशाला संवेदनशील चांदीचं संयुग) रसायनानेच डेव्हलप होण्यालायक केलं जातं (आधीच्या काही पद्धतींमध्ये यासाठी फिल्मवर परत दिवा मारायचे). मग कलर डेव्हलपर, तो त्या उरलेल्या हॅलाइडची चांदी करतो आणि करता करता तिथेच पिवळा, मॅजेंटा आणि सायन हे तीन रंग तयार होतात.

इथे जरा थांबूया कारण माझ्या रोलची गोष्ट इथूनच सुरू होते. कलर डेव्हलपर झाल्यावर फिल्मवर कुठेच हॅलाइड उरलेलं नसतं, प्रकाश पडला तिथलं पहिल्या बाथमध्ये चांदी झालं आणि न पडला तिथलं आत्ता झालं. म्हणजे या टप्प्याला फिल्म उजेडात धरली तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट दिसेल. रंग आत तयार आहेत, चित्र पूर्ण झालेलं आहे, पण चांदीच्या पडद्यामागे झाकलेलं. तो पडदा काढायचं काम ब्लीच आणि फिक्सर करतात. ब्लीच चांदीचं परत सिल्व्हर सॉल्ट करतं आणि फिक्सर ते विरघळवून बाहेर काढतो. मागे फक्त रंग उरतात. ब्लीच अर्धवट झालं तर थोडी चांदी आत राहते आणि मग तीच ती धुरकट काच.

आता यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. डेव्हलपरला हवा लागली की तो मरतो, म्हणून टाकीवर तरंगती झाकणं ठेवतात. ब्लीचचं बरोबर उलटं. ब्लीचमध्ये लोहाचं संयुग असतं, ते चांदीवर काम करताना स्वतः क्षीण होतं आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की परत ताजंतवानं होतं, म्हणून ब्लीचच्या टाकीत मुद्दाम हवेचे बुडबुडे सोडतात. एकाच मशिनमध्ये दोन-चार हातांच्या अंतरावर दोन टाक्या, एकीला हवा म्हणजे विष आणि दुसरीला हवा म्हणजे श्वास. हवेचा पंप बंद पडला किंवा नळी चोंदली तर डेव्हलपरला काही होत नाही, फिल्म वरवर बरी निघते, आणि ब्लीच मात्र हळूहळू गुदमरत जातं.

आणि मूळ अडचण याच्याही मागे आहे. या रसायनांना रोज काम लागतं. प्रत्येक रोल डेव्हलपरमधून जाताना त्यातलं थोडं रसायन वापरतो आणि फिल्ममधला ब्रोमाइड त्यात सोडतो, मग ठरलेल्या हिशोबाने ताजं रिप्लेनिशर (भरपाईचं रसायन) घालायचं म्हणजे बाथ जिथल्या तिथे राहतो. हा हिशोब रोज भरपूर फिल्म येणार असं धरून बांधलेला आहे. फिल्म आलीच नाही तर काय होतं, टाकी गरम असते, पाणी उडतं, रसायन घट्ट होत जातं, दुसरीकडे हवेने डेव्हलपर खराब होत राहतो, आणि रिप्लेनिशर पडत नाही कारण रोलच नाहीत. म्हणजे लॅबवाल्याने काहीही चूक केली नाही तरी नुसतं काम नसल्याने बाथ बिघडतो. पूर्वी शहरातल्या व्यावसायिक लॅबमध्ये जाहिरातवाल्यांचे, मासिकवाल्यांचे रोल दिवसभर चालू असायचे, तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटलेला होता.

हे मी आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाय हाऊसवाल्या काकांना सांगत होतो. त्यांचा जन्म चादरीच्या सुताला रंग देण्यात गेला आहे. मी अर्ध्यावर असतानाच ते म्हणाले, "अरे, आमचं पण तेच की. रोज माल असला की बाथ हातात राहतो. आठ दिवस बंद ठेव आणि मग चालू कर, पहिल्या लडीची शेड वेगळीच येणार. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाचा माल घालायच्या आधी नमुन्याची लडी काढतो, शेड कार्डाला लावून बघतो, मगच पुढं." मी म्हटलं काका, तुम्ही जी लडी काढता तिलाच फोटोच्या लॅबमध्ये कंट्रोल स्ट्रिप म्हणतात.

खरंच तसंच आहे. कंट्रोल स्ट्रिप म्हणजे कारखान्यातच मोजून-मापून एक्स्पोज केलेली फिल्मची पट्टी. लॅबने गिऱ्हाइकाचे रोल घालायच्या आधी ती धुवायची, डेन्सिटोमीटरवर तिचे गडद आणि फिक्के भाग मोजायचे आणि तक्त्यावर मांडायचे. रेषा एका बाजूला सरकायला लागली की रोल बिघडायच्या आधीच कळतं. काम कमी झालं की बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा हीच गोष्ट सुटते असं मला वाटतं, कारण स्ट्रिपला पैसे पडतात आणि ती मोजायला माणूस लागतो. पण जी लॅब आठवड्याचे नाहीतर पंधरवड्याचे रोल साठवून ठेवते आणि ताज्या रसायनात एकदम एका दिवशी बॅच काढते, तिच्यावर माझा जास्त विश्वास आहे. उशीर होतो, होऊ दे.

लॅब कमी का झाल्या ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. कोडॅक्रोम ही स्लाइड फिल्म कोडॅकने २००९ साली बंद केली, तिची धुलाई ई-६ पेक्षा वेगळी आणि फार किचकट होती, आणि जगातली ती धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती, तिनेही २०१० च्या डिसेंबरअखेर रोल घेणं थांबवलं. त्यानंतर कुणाकडे न धुतलेला कोडॅक्रोम सापडला तर त्याचे रंग बाहेर काढायला कोणी नाही. कोडॅकचीच ई-६ वाली एक्टाक्रोम २०१२ ला गेली आणि २०१८ ला परत आली, तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. फिल्म परत आली तरी ती धुणाऱ्या लॅब मात्र त्या प्रमाणात परत आल्या नाहीत.

तर माझा दुसरा रोल. मी लॅबला नेहमी सांगतो की माउंट करू नका (चौकटीत बसवू नका), पट्ट्या तशाच पाठवा, कारण माउंटमध्ये काठ झाकला जातो आणि सगळी माहिती काठावरच असते. दोन फ्रेमच्या मधली जागा आणि कडेची पट्टी यावर कॅमेऱ्यातून प्रकाश पडत नाही, त्यामुळे स्लाइडमध्ये ती पूर्ण काळी यायला हवी. ती फिक्की, तपकिरी किंवा रंगाकडे झुकलेली दिसली तर गडबड धुलाईत आहे, फर्स्ट डेव्हलपर जास्त झाला असेल किंवा त्यात दुसऱ्या बाथचे शिंतोडे पडले असतील. दुसरी खूण म्हणजे काठावरचे आकडे आणि फिल्मचं नाव. ते कारखान्यात छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यात काही हात नाही. फोटो काळपट आणि आकडे मात्र नेहमीसारखे चमकदार, तर एक्स्पोजर तुमचं कमी पडलं. फोटो पण काळपट आणि आकडे पण मंद, तर संशय लॅबवर.

दोन्ही रोलच्या पट्ट्या लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या पेटीवर) शेजारी ठेवल्या आणि लूप, म्हणजे भिंग, लावून बघितलं. काठ दोन्हीकडे छान काळा. पण आकडे पहिल्यावर लख्ख आणि दुसऱ्यावर मंद, विटल्यासारखे. म्हणजे माझी चूक नव्हती, कॅमेऱ्याची पण नव्हती. आता दोनच संशयित राहिले, एकतर फर्स्ट डेव्हलपर कमजोर पडला, नाहीतर ब्लीच. पहिलं असेल तर रोल गेलाच, कारण जी चांदी तेव्हा तयार झाली नाही ती आता होणार नाही. दुसरं असेल तर आशा होती.

हे ओळखायला स्कॅनर कामी आला. फिल्म स्कॅनरमध्ये धूळ काढायची जी सोय असते ती इन्फ्रारेड प्रकाशावर चालते. फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला अडवत नाहीत, त्याच्यासाठी फिल्म जवळजवळ पारदर्शक असते आणि फक्त धूळ आणि ओरखडे दिसतात, मग सॉफ्टवेअर तेवढेच ठिपके भरून काढतं. चांदी मात्र इन्फ्रारेडला अडवते. मी पहिल्या रोलचा नुसता इन्फ्रारेड चॅनेल उघडला तर कोरा कागद, इकडेतिकडे दोन-चार केस आणि धुळीचे कण. दुसऱ्या रोलचा उघडला आणि बघतच राहिलो. अख्खी मिरवणूक तिथे उभी होती! नंदीध्वज, खालची माणसं, मागचा वाडा, सगळं करड्या रंगात. तिथे काहीच दिसायला नको होतं. चांदी आत अडकून बसली होती, म्हणजे ब्लीच कमी पडलं होतं, आणि रंग त्या चांदीमागे शाबूत होते.

लॅबला फोन केला, आवाज न चढवता सगळं सांगितलं, इन्फ्रारेडचे फोटो पाठवले. पलीकडचा माणूस जुना होता, त्याला लगेच समजलं. म्हणाला सर, पट्ट्या परत पाठवा, ब्लीच बदललं की पुन्हा काढून देतो. उजेडात पण करता येतं हे काम, कारण फिल्म आता प्रकाशाला संवेदनशील राहिलेली नसते, ताज्या ब्लीचमधून आणि फिक्सरमधून न्यायची, भरपूर पाण्यात धुवायची आणि शेवटचा रिन्स देऊन वाळवायची.

मधल्या काळात बऱ्याच जणांनी विचारलं की घरीच का नाही धूत. धुता येते, किट मिळतात, पण सोलापुरात उन्हाळ्यात उलटीच अडचण होते. बाकी गावांत पाणी ३८ अंशापर्यंत तापवावं लागतं, इथे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी त्याच्याही वर गेलेलं असतं, बादलीत बर्फ घालत बसावं लागतं आणि ६ मिनिटं तापमान धरून ठेवणं फार जिकिरीचं होतं. म्हणून मी घरचे रोल डिसेंबर-जानेवारीतच धुतो. आणि शेवटचा रिन्स नळाच्या पाण्यात करत नाही, क्षाराचे पांढरे डाग राहतात, त्याला बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर वापरतो. ज्या किटमध्ये ब्लीच आणि फिक्सर एकाच बाटलीत येतं त्यात ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ देतो, तिथे चांदी मागे राहण्याचा धोका जास्त असतो आणि या टप्प्याला थोडा वेळ जास्त झाला तर काही बिघडत नाही.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. लाइटबॉक्सच्या आधी सरळ स्कॅनरमध्ये पट्टी घातली आणि इन्फ्रारेड चॅनेल उघडला. कोरा. एका कोपऱ्यात एक केस होता, बाकी काही नाही. मग लाइट लावून लूप टेकवला तर बाराबंदी पांढरीशुभ्र, तिच्या घड्यांमध्ये सकाळच्या उन्हाची किंचित निळसर सावली, जशी त्या दिवशी होती तशी.