रिपोर्टमध्ये विषाणू दिसला नाही, म्हणजे हिपॅटायटिस बी बरा झाला?

‘हिपॅटायटिस बीच्या रिपोर्टमध्ये विषाणू सापडला नाही की गोळ्या बंद करा, उगाच लिव्हरवर ताण कशाला?’ असा सल्ला बरीच वर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण हिपॅटायटिस सीच्या बाबतीत साधारण तसंच घडतं: 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण खरोखर बरे होतात.

बीचा विषाणू मात्र वेगळा आहे. तो यकृताच्या पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएची एक गोल प्रत ठेवून देतो. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या बीवरच्या गोळ्या नवे विषाणू तयार होणं रोखतात, त्यामुळे रक्तातलं प्रमाण इतकं घटतं की तपासणीत ते पकडता येत नाही. केंद्रकातली मूळ प्रत तशीच राहते. गोळी थांबली की तिच्यावरून पुन्हा छपाई सुरू होऊ शकते. कधी कधी यकृताला अचानक इतकी सूज येते की जीवावर बेततं. ज्यांना सिरॉसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) आहे त्यांना हा धोका फार मोठा.

पडताळायचं असेल तर जुन्या फाइलमधले दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. ‘एचबीव्ही डीएनए’ (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) समोर ‘आढळला नाही’ असेल आणि ‘एचबीएसएजी’ (विषाणूच्या आवरणावरचं प्रथिन) अजून पॉझिटिव्ह असेल, तर विषाणू दबला आहे, गेलेला नाही. काही मोजक्या रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवतातही, पण त्यानंतर अनेक महिने नियमित रक्ततपासण्या करत राहतात. स्वतःहून गोळी सोडणाऱ्यावर अशी नजर कोणाचीच नसते. मला खरी काळजी त्याची वाटते.