आउटलाइनच्या पेनांवरचे आकडे : थोडी पार्श्वभूमी

बोरू आणि टाकाचा काळ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देऊ. इंकिंगला, म्हणजे चित्राच्या रेघा शाईने पक्क्या करण्याला, शिस्त लावली ती छपाईने. रेघांची चित्रं छापायच्या जस्ताच्या ठशात, म्हणजे लाइन ब्लॉकमध्ये, करडी छटा उमटत नसे. एक तर काळं, नाहीतर कोरं. चित्र मोठं काढून कॅमेऱ्याने लहान केलं जाई आणि त्यात केसासारखी रेघ तुटायची. म्हणून मासिकांची चित्रं निब किंवा ब्रशने, दाट काळ्या वॉटरप्रूफ शाईत काढली जात. या शाईत बहुधा लाख (शेलॅक) असते. फाउंटन पेनात भरली की पेन बाद!

१९५३ साली जर्मनीतून रॅपिडोग्राफ हे तांत्रिक रेखाटनाचं पेन बाजारात आलं. निबेऐवजी पोकळ नळी, नळीत बारीक तार. दाब कमी-जास्त झाला तरी रेघेची जाडी तीच. आर्किटेक्चरच्या दोन-तीन पिढ्या या पेनांवर वाढल्या. ट्रेसिंग पेपरवर रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने खरवडायची. शाई सुकून अडली की पेन आडवं हलवायचं, आतलं वजन टकटक वाजायचं. ०.१८ मिलिमीटर रेघेच्या पेनची तार साफ करायला बाहेर काढली आणि वाकली, की ते टोक गेलंच.

खरा घोळ आकड्यांचा आहे. अशा तांत्रिक पेनांच्या रेघेच्या जाडीची आंतरराष्ट्रीय मालिका मिलिमीटरमध्ये ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ अशी चढते. प्रत्येक जाडी आधीच्या सुमारे १.४ पट, कारण ए-मालिकेतल्या कागदांची लांबी-रुंदीही त्याच पटीने वाढते. ए-३ वरचं चित्र ए-२ वर मोठं केलं की ०.३५ ची रेघ ०.५ होते, आणि दुरुस्तीला ०.५ चं पेन हाताशी असतंच. टोपणावरचे रंगही ठरलेले : ०.२५ पांढरा, ०.३५ पिवळा, ०.५ तपकिरी. अमेरिकेत मात्र वेगळीच मोजणी चाले. तिथे '०' म्हणजे ०.३५ मिलिमीटर आणि शून्यं वाढतील तशी रेघ बारीक.

१९८० च्या दशकात पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाईचे, फायबर टोकाचे मायक्रॉन नावाचे जपानी पेन आले आणि ही सुरेख व्यवस्था विस्कटली. ना धुणं, ना भरणं, त्यामुळे ते खपले यात नवल नाही. पण मायक्रॉनवरचा '०१' म्हणजे ०.१ नव्हे, ०.२५ मिलिमीटर, '००५' म्हणजे ०.२०, '०५' म्हणजे ०.४५. इतर काही कंपन्या पेनावर थेट मिलिमीटर छापतात. त्यामुळे एका कंपनीचं '०१' संपलं म्हणून दुसरीचं ०.१ आणलं, तर आउटलाइन अचानक बारीक पडते. शिवाय हे टोक खरखरीत हँडमेड कागदावर झिजतं आणि महिन्याभरात रेघ जाड होते, मग छापलेला आकडा कोणताही असो. गुळगुळीत कागदावर तेच पेन बरंच टिकतं. वरून जलरंग द्यायचे असतील तर पिगमेंट शाईचंच घ्यावं, आणि रेघ पुरती वाळू द्यावी. साध्या काळ्या स्केच पेनची शाई पाण्याने पसरते.